तुला कोण हाकतंय?

दुपारी दोन ते तीन. लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझा पेटीचा रियाज या एका तासात बसवलेला असे. सासूबाई दोनच्या ठोक्याला देवळात पोथी ऐकायला जायच्या आणि तीनला परत यायच्या. त्यांचा पेटीला विरोध होता असं मुळीच नाही. ‘वाजव गं, पण घरातल्या घरात,’ एवढंच त्यांचं म्हणणं. पण त्या घरात असल्या की आधी ताक घुसळायचं असायचं, मग निवडणं-टिपणं, मग कुणीतरी चहाला आलेलं. त्यामुळे त्यांची चप्पल वाजली की मी पेटीचा भाता उघडायचे आणि घड्याळाकडे बघत बघत वाजवायचे.

१९७९ च्या दिवाळीत माहेरी मिरजेला गेले, तेव्हा गुरुजींना भेटायला गेले. त्यांनी पेटी पुढे सरकवली. मी एक साधी मध्यलयीतली गत वाजवली. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. डोळे न उघडताच म्हणाले, ‘‘पोरी, पूर्वी तू अशी वाजवत नव्हतीस. तुला कोण हाकतंय?’’

मी हसण्यावारी नेलं. कराडला परत आले, दिवस गेले, मुलं झाली, ती मोठी झाली, सासूबाई गेल्या, मी भजनी मंडळात पेटीवर बसायला लागले. वाक्य तळाशी जाऊन बसलं होतं. ते एकदम वर आलं ते ४४ वर्षांनी, न्यू जर्सीत, नातीच्या खोलीच्या दाराबाहेर उभी असताना.

२०२३ च्या सप्टेंबरात मी मुलाकडे गेले होते, ते थेट फेब्रुवारीपर्यंत. नात पंधरा वर्षांची. चौथीपासून शाळेच्या बँडमध्ये फ्लूट वाजवते. फ्लूट म्हणजे बासरीच, पण आपल्या बांबूच्या बासरीची ही लांबची चुलत बहीण. आपल्या बासरीला भोकं मोजकी, आणि कोमल स्वर हवा तर बोट अर्धवट उचलून काढायचा. तिची बासरी चंदेरी, धातूची, अंगावर नुसत्या कळा आणि दांड्या. म्युनिकचे थिओबाल्ड बोम यांनी १८४७ मध्ये ही नव्या धर्तीची फ्लूट बनवली. गंमत म्हणजे ते सोनारकाम शिकलेले होते आणि स्वतः उत्तम वाजवायचेही. सोनाराच्या हातचं काम आहे हे बघताक्षणी कळतं बरं का! या कळांमुळे बाराच्या बारा स्वर सारख्याच सहजपणे निघतात.

जानेवारीत बऱ्याच शाळांच्या मिळून एका मोठ्या बँडसाठी निवड होणार होती. त्यासाठी तिला जे वाजवायचं होतं त्याचं नाव ‘कॉन्चेर्तिनो’. फ्लूट आणि पियानोसाठी लिहिलेलं, साधारण आठ मिनिटांचं. ‘‘ऑडिशनला सगळ्या मुली हेच वाजवतात आजी,’’ ती म्हणाली, ‘‘म्हणजे छान आहे, क्यूट आहे. पण थोडं बोअरिंग.’’

रोज संध्याकाळी पाच वाजता तिच्या खोलीतून ते ऐकू यायचं. आणि खरं सांगू? मलाही ते गोड गोडच वाटलं. वाढदिवसाच्या केकवरच्या गुलाबासारखं. चार दिवस ऐकून मी मनातल्या मनात त्याला बाजूलाच टाकलं होतं.

मग एका दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा सुनेने लावून दिलेल्या स्पीकरवर मी तेच कॉन्चेर्तिनो एका नाणावलेल्या वादकाचं, पियानोच्या साथीसकट ऐकलं. भाजी निवडायची राहूनच गेली. हे तेच आहे यावर माझा विश्वास बसेना! सुरुवातीची चाल अशी आली, की नदीला भरपूर पाणी असताना ती आवाज न करता वाहते ना, तशी. रुंद. तिला कुठेही पोचायचं नव्हतं. गोडवा होता, पण तो सांभाळून बसलेल्या बाईचा गोडवा. मग आमची पोर वाजवते त्यात हे जातं कुठे?

संध्याकाळी मी तिच्या खोलीत जाऊन बसले आणि म्हटलं, ‘‘मला हे शिकव. माझ्या भाषेत.’’

पहिला प्रश्न पट्टीचा. आपल्याकडे गाणारीचा गळा बघून पट्टी ठरते. कुणी काळी चारमध्ये गाते, कुणी काळी पाचमध्ये, आणि भजनी मंडळात तर त्या दिवशी सर्दी किती जणींना झालीय यावर! चाल तीच राहते, सा बदलतो. त्यांच्याकडे तसं चालत नाही. रचना ज्या पट्टीत लिहिली त्याच पट्टीत जन्मभर वाजवायची. नावालाच ती चिकटलेली असते. हे कॉन्चेर्तिनो ‘डी मेजर’मधलं आहे. डी म्हणजे आपली पांढरी दोन. आणि मेजर म्हणजे पांढरी दोनला सा धरून सगळे स्वर शुद्ध, म्हणजे थाट बिलावल. तुमच्यापैकी ज्या पेटी वाजवतात त्यांनी करून बघा. गंधार काळी तीनवर येईल, निषाद वरच्या काळी एकवर, बाकी सगळं पांढऱ्यांवर. दोनच काळ्या. मी वाजवून दाखवलं तर नात ओरडलीच, ‘‘आजी, हेच तर! टू शार्प्स!’’

पण ही पट्टी का? उगाच नाही. बोमच्या आधीची जी जुनी लाकडी आडवी फ्लूट होती, तिची सगळी भोकं बंद केली की डी हाच स्वर निघायचा. फ्लूटचं माहेरच ते. नवी फ्लूट आणखी एक स्वर खाली उतरते, पण डीमध्ये ती अजून मोकळी, उजळ बोलते. त्यांच्याकडे जुन्या काळी लोक प्रत्येक पट्टीला स्वभावही चिकटवायचे, ही उत्सवाची, ती शोकाची, असे. त्यावर फार विसंबू नये असं मला वाटतं, पण माहेरी आलेल्या मुलीचा आवाज वेगळा लागतो, हे मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता आपला बिलावल म्हणजे सकाळ. मला मात्र ही सुरुवात ऐकताना तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटत होतं. पण आपलं रागांचं वेळापत्रक त्या पॅरिसच्या बाईला कोण सांगणार? आणि राग म्हणावा तर तसंही नाही. रागात सा खुंटीसारखा पक्का. तंबोरा शेवटपर्यंत तोच बोलत राहतो. इथे सा चक्क उठून चालायला लागतो! मधल्या भागात चाल पांढरी दोनचं घर सोडते, दुसऱ्याच स्वराला सा मानून बसते, तिथूनही उठते. आपल्याकडे षड्जचलन करून दाखवणारे कलाकार आहेत, पण तो एक चमत्कार म्हणून, दोन क्षण. त्यांच्याकडे हा रोजचा रस्ता. आणि म्हणूनच शेवटी पहिली चाल डीमध्ये परत येते तेव्हा गळ्यात काहीतरी दाटतं. घर सोडल्याशिवाय घरी येणं कसं कळणार?

लयीचं तर आणखी वेगळं. आपण म्हणतो विलंबित, मध्य, द्रुत. त्यात वेग सांगितला जातो, मनःस्थिती नाही. त्यांचे शब्द इटालियन, आणि त्यात वेग आणि मन यांची खिचडी. सुरुवातीला लिहिलंय ‘मोडेराटो’, म्हणजे मध्यम, बेताने. पुढे येतं ‘पिऊ आनिमातो, अजितातो’. आधीपेक्षा जिवंतपणे, आणि अस्वस्थ होऊन. बघा, नुसतं ‘लवकर वाजव’ असं नाही म्हटलेलं, ‘अस्वस्थ हो’ म्हटलंय. मग पियानो गप्प होतो आणि फ्लूट एकटी बोलते, ताल सोडून, आपल्या आलापीसारखी. फरक इतकाच, की आपला आलाप त्या क्षणी सुचतो आणि हा स्वर न् स्वर लिहून ठेवलेला. मग ती पहिली चाल परत. आणि शेवटी ‘प्रेस्तो’, अतिद्रुत, टाळ्यांचा धबधबा आणणारा शेवट.

नातीचं काय होत होतं ते आता माझ्या लक्षात यायला लागलं. तिचा मोडेराटो आणि अजितातो यांत फरकच उरत नव्हता. सुरुवातच पळत व्हायची. मग अस्वस्थ व्हायला जागा कुठून राहणार? शांत बसलेलं माणूस एकदम उठून येरझाऱ्या घालायला लागलं, तर आपण विचारतो, काय गं, काय झालं? आधीपासून धावणाऱ्याला कोण विचारतं?

आणखी एक. परीक्षेत पियानो नसतो, मुलीने एकटीनेच वाजवायचं असतं. त्यामुळे पियानोच्या बोलण्याच्या ज्या जागा आहेत, तिथे मनात मोजत थांबायचं. ती त्या जागा खाऊन टाकत होती. दुसरा बोलत असताना मध्येच तोडणाऱ्या माणसासारखी.

हे लिहिणारी बाई कोण, हे मी तोपर्यंत विचारलंच नव्हतं. ‘बाई’ आहे हेही नातीनेच सांगितलं, तेही अगदी सहज. सेसिल शामिनाद. जन्म १८५७, पॅरिस. आई पियानो वाजवायची, वडील हौशी व्हायोलिनवादक. घरात संगीताला कमी नव्हती. मुलगी लहानपणीच चाली रचायला लागली. ‘कारमेन’ हा प्रसिद्ध ऑपेरा लिहिणारे बिझे त्यांच्या शेजारचे. त्यांनी तिला ऐकलं आणि लाडाने ‘छोटा मोत्झार्ट’ म्हणायला लागले. पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयातल्या एका अध्यापकाने मुलीची परीक्षा घेऊन सांगितलं, हिला विद्यालयात पाठवा. वडील म्हणाले, नाही. आपल्या घरातल्या मुलीने असल्या ठिकाणी जायचं नाही. मग तडजोड म्हणून त्याच विद्यालयातल्या अध्यापकांकडून खासगीत शिकायची परवानगी मिळाली.

वाजव गं, पण घरातल्या घरात! मी नातीला म्हटलं, ‘‘थांब जरा, मला पाणी दे.’’

१८८७ मध्ये वडील वारले. पैशाची गरज आली. आधी ती मोठमोठ्या रचना लिहीत होती, वाद्यवृंदासाठी वगैरे. आता ती वळली पियानोच्या छोट्या तुकड्यांकडे आणि गाण्यांकडे, कारण ते विकले जात. घरोघरी पियानो होते, आणि ते वाजवणाऱ्या बहुतेक मुली-बायकाच. तिची पुस्तकं भराभर खपायची. जवळजवळ ४०० रचना तिच्या नावावर आहेत, आणि बहुतेक सगळ्या तिच्या हयातीतच छापल्या गेल्या. १९०८ मध्ये ती अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. तिच्या नावाचे बायकांचे क्लबच निघाले होते तिथे, शामिनाद क्लब. आपल्या भजनी मंडळांसारखेच म्हणा ना! १९१३ मध्ये फ्रान्सने तिला ‘लीजन ऑफ ऑनर’ हा मान दिला. संगीतरचनाकार बाईला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

इतकं सगळं असूनही टीकाकारांचं समाधान नाही. तिने नाजूक काही लिहिलं, की ते बायकी. जोरकस लिहिलं, की बाईला न शोभणारं, पुरुषी. मग लिहायचं तरी काय? आणि तिच्या गाजलेल्या छोट्या तुकड्यांमुळे ‘गोड’ हा शिक्का असा बसला, की १९४४ मध्ये माँटे कार्लोत ती गेली, तोपर्यंत जग तिला जवळजवळ विसरलेलं होतं. फ्लूटवाले तेवढे विसरले नाहीत, ते या कॉन्चेर्तिनोमुळे.

आणि हे कॉन्चेर्तिनो लिहिलं गेलं कुणासाठी? १९०२ मध्ये, त्याच संगीत विद्यालयासाठी! जिथे जाऊ दिलं नव्हतं, तिथल्या फ्लूटच्या वर्गाची त्या वर्षीची परीक्षेची रचना म्हणून. तिथे फ्लूट शिकवणारे पॉल ताफानेल यांना ते अर्पण केलं आहे. वर्गातल्या सगळ्यांनी एकच रचना परीक्षकांपुढे वाजवायची, अशी पद्धत. आपल्या गांधर्वच्या परीक्षा दिलेल्यांच्या पोटात लगेच गोळा आला असेल. म्हणजे ही ४४-४५ वर्षांची बाई प्रश्नपत्रिका काढणारी झाली होती. आणि प्रश्नपत्रिका कशी, तर आधी संथ भाग, त्यात तुमचा श्वास, तुमचा सूर, तुमचं वाक्य किती लांब टिकतं ते दिसतं. मग द्रुत, त्यात बोटं. पहिला प्रश्न सोपा वाटतो. नापास होतात ते बहुधा तिथेच.

या रचनेबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते. तिचा म्हणे एक फ्लूटवादक प्रियकर होता, तो सोडून गेला, म्हणून त्याला वाजवता येऊ नये इतकं अवघड तिने लिहिलं. मला ही गोष्ट बिलकूल पटत नाही. पुरावा तर कुणी देत नाही. १९०१ मध्ये तिने एका प्रकाशकाशी लग्न केलं होतं, १९०२ मध्ये विद्यालयाच्या सांगण्यावरून तिने हे काम पुरं केलं. बाईने काही चांगलं केलं की त्यामागे एक पुरुष आणून बसवायचाच का? तिला अवघड लिहिता येत होतं म्हणून तिने लिहिलं, एवढं पुरे नाही?

तर आता दुरुस्ती. माझी एक जुनी पेटी मुलाकडे आहे, आधीच्या खेपेला कपड्यांत गुंडाळून नेलेली. ती काढली. जाता जाता सांगते, पेटीचं मूळही पॅरिसचंच. १८४२ मध्ये अलेक्झांड्र देबँ याने तिथे हार्मोनियमचं पेटंट घेतलं. आपण तिला मांडी घालून बसायला शिकवलं इतकंच. माझी पेटी किंचित चढी निघाली, तेव्हा नातीला फ्लूटचं तोंड जरा आत ढकलून स्वर चढवून घ्यावा लागला. मला त्यांचं लेखन वाचता येत नाही, म्हणून तिने पियानोच्या सुरुवातीच्या स्वरांचे गुच्छ मला सारेगममध्ये सांगितले, मी पाठीमागच्या कागदावर लिहून घेतले. आणि आम्ही दोघी बसलो.

पियानो आणि पेटीत मोठा फरक आहे. पियानोची पट्टी दाबली की स्वर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. वरची लांब ओळ फ्लूटला आपल्या बळावर तोलून धरावी लागते. पेटीचा स्वर भाता चालू आहे तोवर हटत नाही. त्यामुळे नातीला टेकायला भिंत मिळाली. दोन-तीन दिवसांत ती म्हणाली, ‘‘आजी, तू धरून ठेवतेस ना, मग मला घाई नाही होत.’’

मग मला आणखी एक दिसलं. ती नेमकी कुठे पळते? प्रत्येक लांब ओळीच्या शेवटाकडे. म्हणजे लय तिला कळत नव्हती असं नाही, तिचा दम पुरत नव्हता. फ्लूटला हवा फार लागते. शहनाईसारखी तोंडात पत्ती नसते अडवायला, ओठांतून फुंकलेली बरीचशी हवा भोकावरून बाहेरच निघून जाते. दम संपण्याची भीती वाटली की माणूस ओळ उरकतो. मी तिला फ्लूट खाली ठेवायला लावली आणि ओळ नुसती गायला लावली. आधी हात पोटावर, मग श्वास. गाताना कुठे श्वास घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलने खूण कर म्हटलं. गंमत म्हणजे तिच्या बाईंनी आधीच तिथे खुणा केलेल्या होत्या. हिने बघितल्याच नव्हत्या!

आठवड्याभरात पुष्कळ सुधारलं. पण पुरतं नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली की पुन्हा तीच धाव. पेटी असो नाहीतर नसो. मला उमगेना. एकदा मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले आणि दाराशी थांबले. आतून पहिली चाल पळत होती. तेवढ्यात जिन्यावरून मुलाचा आवाज आला, ‘‘बेटा, साडेपाचला माझी मिटिंग आहे हं!’’ प्रेमाने, अगदी मवाळ आवाजात. आणि आत फ्लूटने आणखी वेग घेतला.

तेव्हा गुरुजी आठवले.

ती घरे लाकडी भिंतींची, सगळं सगळीकडे ऐकू येतं. मुलाची कामाची खोली तिच्या खोलीला लागून. साडेपाचला त्याच्या रोज मिटिंगा सुरू होत. शाळेतून, खेळातून, शिकवणीतून पोर घरी यायची पाचला. म्हणजे अर्धा तास. गेली तीन वर्षं. माझा तरी एक तास होता!

मी दोन दिवस गप्प बसले. सून कामावरून थकून येते, तिच्या घरात आपण सहा महिन्यांचे पाहुणे, कशाला बोला? लेकाला काही सांगायचं तर आता मला शब्द निवडावे लागतात, हे तुमच्यापैकी कितीतरी जणींना माहीत असेल. पण तिसऱ्या दिवशी तो एकटाच चहा घेत होता, तेव्हा बोलले. म्हटलं, ‘‘अरे, ती पळते ती तुझ्या साडेपाचमुळे.’’

तो दुखावला. ‘‘आई, मी तिला वाजवायला कधीच नाही म्हटलेलं नाही. फ्लूट मीच घेऊन दिली. क्लासची फी मीच भरतो.’’

‘‘तुझ्या आजीनेही मला कधी नाही म्हटलं नव्हतं रे,’’ मी म्हणाले.

त्याला आजी फार प्रिय होती. तो काही बोलला नाही. कप उचलून आत गेला. मला वाटलं, उगाच बोलले. सासूबाईंना असं मध्ये आणायला नको होतं. शेवटच्या आजारपणात त्याच मला म्हणाल्या होत्या, पेटी इकडे आणून वाजव, मला ऐकू दे. आणि मी त्यांच्या पलंगाशी बसून वाजवली ती भैरवीसुद्धा पळतच वाजवली होती. सवय. त्या घरातच होत्या, जाणार कुठेच नव्हत्या, तरी माझी नजर घड्याळाकडे.

पुढच्या सोमवारी मुलाने लॅपटॉप उचलला आणि तळघरात वॉशिंग मशीनशेजारी टेबल मांडलं. कुणी त्यावर काही बोललं नाही. सुनेने तेवढं एक गरम शाल खाली नेऊन ठेवली, तळघरात गारठा असतो म्हणून. आणि पाचचा रियाज सहा, सव्वासहापर्यंत जायला लागला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिले आठ-दहा दिवस तर साडेपाच वाजले की ती आपोआप थांबायची, काय करावं ते न सुचल्यासारखी. मग हळूहळू तिला तो वेळ वापरता यायला लागला. एकदा तर तिने पहिली चाल वाजवली आणि मधल्या अस्वस्थ भागाआधी नुसतीच थांबली, बराच वेळ. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, ‘‘काही नाही. पियानोला बोलू देतेय.’’

जानेवारीत परीक्षा झाली. निवड झाली, पण तिला हवी होती ती पहिली खुर्ची मिळाली नाही, बरीच मागची मिळाली. द्रुत भागात बोटं अडखळली. दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. मी समजूत घालायला गेले नाही. मला शब्द सापडले नसते, आणि तिला ते नकोही होते. तिसऱ्या दिवशी पाचला पुन्हा फ्लूट ऐकू आली. द्रुत भागच, पण निम्म्या लयीत, एकेक स्वर नीट ठेवत.

मी फेब्रुवारीत कराडला परतले. पेटी तिथेच ठेवून आले. इथे मंडळात नवी पेटी आहे, गुरुवारच्या भजनाला मीच बसते. ढोलकी वाजवणारी आमची मैत्रीण अजूनही दर गुरुवारी एकदा तरी माझ्या गुडघ्यावर थोपटते, म्हणजे मी चढलेय, खाली ये.

मे महिन्यात नातीने मोबाइलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. ऑडिशन संपून चार महिने झाले होते, आता कुणीच मागितलं नव्हतं, तरी कॉन्चेर्तिनो वाजवलं होतं. घरीच, एकटीने, सुरुवातीपासून. रात्री जेवणं झाल्यावर मी दिवाणखान्यात बसून ऐकलं. पहिली चाल. रुंद, भरलेली. ओळीच्या शेवटी श्वास ऐकू येतो, नीट, सावकाश घेतलेला. तेवढ्यात मागे दाराची बेल वाजते. कुणीतरी जिना उतरतं, दार उघडल्याचा आवाज, मुलाचं दबकं बोलणं, दार बंद. फ्लूट आपल्या लयीत पुढे जात राहते.